ओमचें गणित

घरांतील मुलास शाळेंत विजेचें गणित घातलें म्हणजे तो वही घेऊन आमच्यापुढें येऊन बसतो. किटलीस मिळणारा दाब 230 व्होल्ट, तिच्यांतून वाहणारा प्रवाह 5 अँपियर. तर तिचा रोध किती व शक्ति किती? दाबास प्रवाहानें भागलें कीं 46 ओम हा रोध निघतो. दाबास प्रवाहानें गुणलें कीं 1150 वॅट ही शक्ति निघते. एक भागाकार व एक गुणाकार, कीं मुलगा खेळावयास मोकळा! परंतु ह्यांतील भागाकार ज्यानें प्रथम सिद्ध करून दाखविला त्याच्या उमेदीचीं कित्येक वर्षें त्या पायीं खर्चीं पडलीं, हें त्या वहींत लिहिलेलें नसतें.

गेऑर्ग सिमोन ओम हा 1789 सालीं जर्मनींतील एर्लांगेन गांवीं जन्मला. बाप कुलपें करणारा कारागीर. परंतु त्यानें स्वतःच्या हिमतीवर गणिताचा अभ्यास केला होता व मुलांसही तें तोच शिकवी. 1817 पासून ओम कोलोन येथील एका विद्यालयांत शिक्षक होता. विश्वविद्यालयांत जागा मिळावी ही त्याची महत्त्वाकांक्षा, आणि तीसाठीं कांहीं नवें शोधून काढणें त्यास अवश्य होतें.

त्या काळीं प्रवाह मोजावयाचा तर अडचण कोणती होती, हें आज ध्यानांत येणें कठीण. व्होल्टाची विद्युद्घटमाला 1800 पासून उपलब्ध होती. परंतु तिचा जोर क्षणांत चढे, क्षणांत उतरे. ओमनें 1825 सालीं तिच्यावरच प्रयोग करून जो नियम छापला तो चुकीचा निघाला. तेव्हां पोगेनडोर्फ ह्या संपादकानें त्यास सुचविलें कीं, घटमाला सोडून उष्णतेपासून उत्पन्न होणारी वीज घ्यावी. ही वीज झेबेक ह्यास 1821 सालीं आढळली होती. ओमनें बिस्मथ व तांबें ह्यांचे सांधे केले. एक सांधा उकळत्या पाण्यांत ठेविला, दुसरा बर्फांत. पाणी उकळत आहे व बर्फ वितळत आहे, तोंपर्यंत जोर बदलण्याचें कारण नाहीं! मग सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, सर्वांत आंखूड 2 इंचांची व सर्वांत लांब 130 इंचांची, एकामागून एक मंडलांत जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीस प्रवाह किती वळवितो तें त्यानें पाहिलें. सूची मूळ जागीं आणण्यास टांगणीस जितका पीळ द्यावा लागे तितका प्रवाहाचा जोर. आंकडे जुळले. तारेची लांबी अधिक मंडलाचा उरलेला रोध, ह्या बेरजेनें सांध्यांच्या जोरास भागिलें कीं प्रवाह निघतो, हें 1826 सालीं त्यानें प्रसिद्ध केलें. सगळें गूढ त्या बेरजेंत होतें. घटमालेसही स्वतःचा रोध असतो, हें त्यापूर्वीं स्पष्टपणें कोणी मांडलें नव्हतें.

1827 सालीं बर्लिन येथें त्याचें पुस्तक निघालें, आणि येथें आमचें मत नेहमींच्या कथेहून थोडें निराळें आहे. दुर्लक्षित प्रतिभावंत व आंधळे पंडित, अशी ही कथा सांगण्याचा प्रघात आहे. पंडित आंधळे होते खरे. एका टीकाकारानें तर पुस्तकाची पुरी टवाळीच केली. पण ओमनेंही त्यांस डोळे उघडण्यास फारशी मदत केली नाहीं. बर्फ, उकळतें पाणी व आठ तारा ह्यांची साधी हकीकत बाजूस ठेवून त्यानें फूरियेच्या उष्णतेच्या गणिताच्या धर्तीवर कोरडीं समीकरणें पुढें मांडलीं. तीं वाचून कोणास वाटावें कीं हा मनुष्य खोलीबाहेर पडलाच नाहीं! फळ असें झालें कीं इच्छिलेली जागा मिळाली नाहीं, 1828 सालीं कोलोनची नोकरी त्यानें सोडली, आणि न्यूरेंबर्ग येथें 1833 सालीं स्थिर काम मिळेपर्यंत किरकोळ शिकवण्यांवर दिवस काढले. लंडनच्या रॉयल सोसायटीनें कोप्ले पदक दिलें तें 1841 सालीं. म्यूनिक येथील पदार्थविज्ञानाची अध्यापकी मिळाली ती 1852 सालीं, व पुढें दोनच वर्षांनीं तो वारला.

आतां गुणाकाराकडे वळूं. तो इंग्लंडांतील सॅल्फर्डच्या एका मद्य गाळणाऱ्याच्या मुलाचा, जूलचा. त्यानें 1840 च्या सुमारास तारा पाण्यांत बुडवून त्यांची उष्णता मोजली व दाखविलें कीं ती प्रवाहाच्या वर्गानें व रोधानें वाढते. किटलीच्या उदाहरणांत 5 चा वर्ग 25, गुणिले 46; पुनः 1150 च. ओमचा नियम मध्यें घातला कीं हाच दाब व प्रवाह ह्यांचा गुणाकार होतो. ह्या वर्गाचा अनुभव गृहिणींस चांगला आहे. दाब 230 वरून 200 वर उतरला तर घट साधारण आठव्या हिश्श्याची. पण शक्ति 870 वॅटवर येते, म्हणजे जवळ जवळ चौथा हिस्सा जातो, आणि चहा खोळंबतो.

ओम, व्होल्ट व अँपियर हीं मापें 1881 च्या पॅरिस येथील परिषदेनें ठरविलीं. वॅट मागाहून आला. मुलास मात्र एक सावधगिरी सांगून ठेवावी लागते. 230 व्होल्टांच्या, 100 वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्याचा रोध हिशेबानें 529 ओम. पण तोच दिवा थंड असतां मापनयंत्र लावून पाहिलें तर त्याचा दहावा हिस्साही भरत नाहीं. गणित चुकलेलें नसतें. पेटलेली तार हजारों अंश तापलेली असते, आणि ओमच्या तारांचें तपमान मात्र फारसें बदलत नव्हतें.