चिलखतातला उन्हाळा

दिल्लीस बदलून आलेल्या मराठी माणसास पहिल्याच वर्षी एक धडा मिळतो. मे महिन्यात लू वाहत असता जो कूलर खोली गार करतो, तोच जुलैत हवा दमट झाली की नुसता आवाज करीत राहतो. पाण्याची वाफ झाली तरच गारवा, हा त्यातील नियम. आपले शरीरही याच नियमाने चालते. एक लिटर घाम त्वचेवर वाळला म्हणजे तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून गेलेला घाम मात्र शरीरातील पाणी तेवढे नेतो, उष्णता मागेच राहते.

वैद्यांच्या संरक्षक पोशाखाचा इतिहास पाहू लागले की या साध्या नियमाचा विसर पदोपदी पडलेला दिसतो. सतराव्या शतकात युरोपातील प्लेगच्या वैद्यांनी मेणविलेला पायघोळ झगा, कातडी हातमोजे आणि सुगंधी वनस्पतींनी भरलेला चोचीचा मुखवटा धारण केला. फ्रान्सच्या राजदरबारातील वैद्य शार्ल द लॉर्म यांस या वेषाचे श्रेय दिले जाते. रोगाचे कारण दूषित हवा आहे या समजुतीतून तो निघाला होता. समजूत चुकीची होती. परंतु शरीर बंदिस्त करण्याची कल्पना टिकून राहिली.

तिला शास्त्राचा आधार मिळाला तो मांचुरियात. १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथे फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे मेली. पेनांगमध्ये जन्मलेले व केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. वू लियन-तेह हार्बिनला पोहोचले. हा रोग श्वासावाटे पसरतो हे ओळखून त्यांनी जाळीच्या कापडात कापूस घालून मुखपट्टी तयार करविली. मेस्नी नामक फ्रेंच डॉक्टरांस हे पटले नाही. मुखपट्टीविना रुग्ण तपासल्यावर थोड्याच दिवसांत ते प्लेगने गेले. मुखपट्टीची उपयुक्तता याहून निष्ठुरपणे सिद्ध होणे कठीण. परंतु हार्बिनमध्ये तेव्हा पारा शून्याच्या बराच खाली होता. उष्णतेचा प्रश्न तेथे कोणास सुचणार?

तो प्रश्न सुचला होता खाणीत काम करणाऱ्यांची प्रकृती अभ्यासणाऱ्या एका शरीरशास्त्रज्ञास. ब्रिटनचे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले की, माणसास किती उष्णता सोसेल हे साध्या तापमापकावरून कळत नाही, ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकावरून कळते. स्थिर हवेत तो सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की शरीराचा ताप चढू लागतो. हवा न खेळणाऱ्या पोशाखाच्या आत, घाम जिरण्यास जागाच नसल्याने, हीच स्थिती निर्माण होते. बाहेर मे असला तरी आत जुलै असतो.

खाणीतले हे ज्ञान रुग्णालयात पोहोचावयास शंभर वर्षे लागली. २०१४ साली गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या उष्ण-दमट देशांत इबोलाची साथ भडकली, तेव्हा संपूर्ण पोशाखातील सेवकांस तासाभराहून अधिक आत राहणे धोक्याचे ठरू लागले. म्हणून जोडीने आत जावे, एकमेकांवर लक्ष ठेवावे, वेळ संपताच बाहेर येऊन पाणी प्यावे, अशी शिस्त तेथे पडली. पोशाख तोच होता. घड्याळाने माणूस वाचविला.

आमच्याकडे २०२० चा उन्हाळा आला. २६ मे रोजी पालमला ४७.६ अंश तापमान नोंदले गेले. विषाणू पसरेल या भीतीने अनेक ठिकाणी वातानुकूलन बंद होते. संच दुर्मिळ, आणि एकदा उतरविलेला पुन्हा चढविता येत नसे. म्हणून अनेक परिचारिका व डॉक्टर सहा-सहा तास पाणी न पिता, प्रसाधनगृहास न जाता उभे राहिले. कापडाची कसोटी मुख्यतः कृत्रिम रक्त आत झिरपते की नाही यावर होती. वाफ बाहेर पडते की नाही, हा प्रश्न मागे राहिला. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने, आपल्या डॉक्टर आईचे हाल पाहून, संचात ताजी हवा सोडणारे, कमरेस बांधावयाचे यंत्र केले. जे मोठमोठ्या मंडळ्यांस सुचले नाही ते मुलास सुचले, कारण कामावरून परतणारी आई त्याच्या डोळ्यांसमोर होती.

आमच्या टेबलावर त्या दिवसांत संचांचे तक्ते येत. किती मागविले, किती पोहोचले, किती खर्ची पडले, असे रकाने त्यांत होते. एका संचात माणूस किती वेळ राहिला, हा रकाना नव्हता. बेरजा आम्ही चोख तपासल्या. तो रकाना असावा, असे टिपण मात्र आम्हीही वर पाठविले नाही. कूलरचा नियम आम्हास ठाऊक होता, आणि कार्यालयातून घरी जाऊन आम्ही त्याच्यासमोरच बसत होतो.

साथी पुन्हा येतील, आणि तक्ते आपल्यासारख्यांच्याच हातून तयार होतील. त्या वेळी संचांच्या संख्येशेजारी तासांचा आणि पाण्याचा रकाना आखावयास विसरू नये, एवढीच आमच्या बांधवांस विनंती आहे.