नात्याचा रकाना

सोलापूरहून बार्शीकडे निघाले की वाटेत आमचे वैराग लागते. बार्शी तालुक्यातले हे जुने बाजाराचे गाव. ज्वारी, तूर, हरभरा यांची पोती, आडतीची दुकाने, हमालांच्या आरोळ्या, या गजबजाटातच माझे लहानपण गेले. बाजाराच्या गावात दिवेलागणीला माल उचलला जातो, गाड्या परततात, जो तो आपल्या घरी जातो. आणि तरीही दोन-चार माणसे मागे उरतात. एखादा आडतीच्या फळीवर अंग टाकतो, एखादा एस. टी. स्टँडच्या बाकावर, एखादा देवळाच्या ओवरीत. त्यांची चौकशी कोणी करत नाही, कारण ती रोजचीच असतात.

अशांपैकी एकाची गोष्ट आज सांगायची आहे. त्यांना सारे गाव 'मामा' म्हणे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर ते आमच्या भागात आले. दुष्काळ सरला, कामे बंद झाली, माणसे परत गेली, मामा राहिले. मागे कोणी होते की नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही. दिवसा पाठीवर पोती वाहायची, संध्याकाळी हजेरीचे पैसे गुत्त्यावर द्यायचे आणि रात्री जागा मिळेल तिथे पडायचे. मी गावातच इतिहासाचा शिक्षक. साक्षरतेचे वर्ग चालत तेव्हा मामांना पाटीवर अक्षरे गिरवायला मीच बसवले होते. एकदा रागावून विचारले, "मामा, का पिता एवढे?" ते म्हणाले, "गुर्जी, दिसभर काम असतंय, त्याचं काय न्हाई. रात लई मोठी असती."

त्या वाक्यात किती इतिहास आणि किती वैद्यकशास्त्र भरले आहे, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

१९९५ च्या सुमारास मामांचे हात फार थरथरू लागले. आम्ही दोघा-तिघांनी वर्गणी काढली आणि त्यांना दूरच्या शहरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी छापील अर्ज पुढे केला. नाव, वय, गाव, व्यसन किती वर्षांचे, हे सगळे भरून झाले. मग आला एक रकाना : 'सोबतच्या नातेवाइकाचे नाव व नाते'. नातेवाईक नसेल तर दाखल करता येत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचेही चुकत नव्हते. उद्या रुग्ण पळाला, दगावला, तर जबाबदार कोण? मी क्षणभर थांबलो आणि लिहिले, 'भाचा'. सारे गाव ज्याला मामा म्हणते, त्याचा मी भाचाच की!

मामा आत गेले. पण तो रकाना माझ्या डोक्यात राहिला. ज्याला घर नाही त्याच्यासाठी हा दरवाजा कधीपासून बंद झाला? इतिहासाच्या शिक्षकाला सवयच असते; मी मागे मागे जाऊ लागलो.

आपल्याकडे निराश्रितांना आसरा देण्याची परंपरा जुनी आहे. धर्मशाळा, मठ, ओवऱ्या, अन्नछत्रे ही त्याचीच रूपे. मात्र त्या परंपरेचे गोडवे गाताना जपून बोलले पाहिजे. तिथेही रकाना होताच. फक्त तो नात्याऐवजी जातीचा होता. पंढरीला पायी चालत आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला धर्मशाळेची पायरी चढता येत नसे.

तो रकाना खोडणारा माणूस दारूनेच होरपळलेल्या घरातून आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले, घर मोडले, आणि पोराला आजोळी वाढावे लागले. हाच डेबूजी मोठा झाल्यावर मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाची रूढ पंगत नाकारतो आणि भाऊबंदांना गोडधोड वाढतो. १९०५ साली तो घर सोडतो आणि पुढे महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखू लागतो.

गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली. देवळाच्या दारात ज्या चोखोबांना अडवले, त्यांच्या नावाची ही धर्मशाळा. इतर धर्मशाळा ज्यांना आत घेत नसत त्यांच्यासाठी. १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती सोपवली. नाशिक, आळंदी, देहू इथेही त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी त्यांनी निवारा केला. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावावर घर नव्हते.

आपण दोन गाडगेबाबा लक्षात ठेवतो : एक धर्मशाळा बांधणारे आणि दुसरे कीर्तनात दारू सोडा म्हणून सांगणारे. मला वाटते, हे दोन वेगळे नाहीत. दारूने घर मोडते आणि घर मोडले की माणूस दारूकडे जातो, हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. म्हणून एका हाताने ते बाटली सोडवत होते आणि दुसऱ्या हाताने छप्पर उभे करत होते. वारकऱ्यांच्या माळेचेही तसेच. माळ घालणारा दारू सोडतो, पण तो एकटा राहत नाही. त्याला दिंडी मिळते, रोजचे भजन मिळते, आठवण ठेवणारी माणसे मिळतात. त्याची संध्याकाळ रिकामी उरत नाही.

पुढे मात्र या दोन गोष्टींची फारकत झाली. ती कशी, हे थोडक्यात पाहू.

इंग्रजी अमलात दारू हे महसुलाचे साधन झाले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी आणि मोहाच्या दारूवर सरकारचा ताबा घट्ट केला. त्याविरुद्ध पुण्यात १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. दारूबंदी हा स्वराज्याचाच एक भाग ठरला. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात बंदी आली. हेतू चांगला होता. गोरगरिबांचे संसार वाचवायचे होते. परंतु कायद्याच्या नजरेत पिणारा हा आजारी माणूस नव्हता, आरोपी होता. हातभट्ट्या फोफावल्या. साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल झाली, परवाने आले, सरकारमान्य देशी दारूची दुकाने आली. दारू परत आली. पिणाऱ्याच्या उपचाराची सोय मात्र तिच्याबरोबर आली नाही.

बेघर माणसाचेही तेच झाले. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागणे हा गुन्हा ठरवला. पोटापाण्याचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही या कायद्याच्या व्याख्येत बसतो. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येते आणि भिक्षेकरी गृहात ठेवता येते. म्हणजे पाहा, १९४९ च्या कायद्याने मामांची बाटली गुन्हा ठरवली आणि १९५९ च्या कायद्याने त्यांचे रस्त्यावर असणे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातली भिक्षेला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली, पण तो निर्णय दिल्लीपुरता होता.

व्यसन हा आजार आहे, हे आपल्याकडे रुजवले ते कायद्याने नव्हे, माणसांनी. अमेरिकेत १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बोलत सुधारले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. १९५७ मध्ये ती भारतात आली. तिथे फी नाही, नोंदवही नाही, आडनावही विचारत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. मुंबईत १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केले. ते स्वतः या आजारातून बाहेर आलेले. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र आईच्या मायेने उभे केले. आज महाराष्ट्रातली हजारो घरे त्यामुळे सावरली आहेत.

'घरे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडची व्यसनमुक्ती बहुतांशी कुटुंबाच्या खांद्यावर उभी आहे. बायको हाताला धरून आणते, भाऊ पैसे भरतो, आई भेटीला येते, आणि सुटी झाल्यावर माणूस परत जातो तो घरीच. पद्धत योग्यच आहे. घरच्यांची साथ असेल तर माणूस लवकर सावरतो. पण ज्याला हात धरणारे कोणी नाही, त्याच्यासाठी या मांडणीत खुर्चीच नाही. निवाऱ्यात गेला तर म्हणतात, प्यायलेला आहे, आत घेणार नाही. केंद्रात गेला तर म्हणतात, सोबत कोणी नाही, दाखल करणार नाही. दोन्ही दरवाजे आपापल्या जागी बरोबर असतात; माणूस मधल्या रस्त्यावर पडून राहतो.

आता मामांच्या रात्रीकडे येऊ. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर पहिले दोन-तीन दिवस जिवावरचे असतात. हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. कुणाला फिट येते, कुणाला नसलेली माणसे दिसतात, भ्रम होतो. औषध आणि देखरेख नसेल तर माणूस दगावू शकतो. एस. टी. स्टँडच्या बाकावर हे सोसायचे कसे? तिथे पेला हेच औषध होते. थंडीचे पांघरूण तेच, भीतीवरचा उताराही तोच. 'रात लई मोठी असती' म्हणजे काय, ते हे.

मामा केंद्रातून महिन्याने परत आले, तेव्हा ओळखू येत नव्हते. दाढी केलेली, कपडे स्वच्छ, नजर स्थिर. आम्ही पेढे वाटले. संध्याकाळी मी घरी गेलो, आणि मामा? ते त्याच बाकावर गेले. गुत्ता तिथून पन्नास पावलांवर. अकरा दिवस त्यांनी धीर धरला. बाराव्या दिवशी ते मला टाळून बाजूने निघून गेले, तेव्हा मी समजलो. पुढच्या हिवाळ्यात एके सकाळी ते उठलेच नाहीत. अकरा दिवस त्यांनी नेटाने काढले, हे मी नेहमी सांगतो. कमी पडलो ते आम्ही. उपचारासाठी वर्गणी काढली, खोलीसाठी काढली नाही.

ही चूक आमच्या गावाचीच होती असे नाही. जगभर हेच चालत आले. आधी सुधार, मग छप्पर, असा नियम. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने तो उलटा केला. रस्त्यावरच्या माणसाला आधी राहायला घर द्यायचे, दारू सोडण्याची अट घालायची नाही, उपचार मागतील तेव्हा दाराशी न्यायचे. यातली बहुतेक माणसे घरात टिकली. फिनलंडने २००८ पासून हे देशाचे धोरणच केले आणि तिथली बेघरांची संख्या बरीच कमी झाली. दारू सगळ्यांचीच सुटते असा दावा कोणी करत नाही. पण किल्ली हातात असलेला माणूस उद्याचा विचार करू शकतो, एवढे नक्की.

आपल्याकडेही काही पावले पडली. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, त्यांपैकी महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांहून अधिक. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांतून बारमाही निवारे उभारण्याचे आदेश दिले आणि २०१३ मध्ये शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची केंद्रीय योजना आली. तिने माणशी निदान पन्नास चौरस फूट जागेचे माप ठरवले. योजनेचा रोख शहरांवर. वैरागसारख्या बाजारगावाच्या वाट्याला अशा वेळी ओवरीच येते. निवारा आणि उपचार यांची गाठ अजूनही क्वचितच पडते.

आणि त्या रकान्याचे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व मादक पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक विकारांना आजारात धरले आहे. सज्ञान माणसाला उपचार हवे असतील आणि निर्णय घेण्याइतपत तो भानावर असेल, तर दाखल होण्यासाठी त्याची स्वतःची विनंती पुरे. नातेवाइकाची हजेरी किंवा संमती लागत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हा कायदा २०१८ पासून अमलात आहे. तुमच्या गावच्या स्टँडवर असा कोणी असेल, तर त्याला घेऊन जाताना हे ध्यानात ठेवा. आणि तो परत येईल त्या दिवसासाठी एखादी खोली, एक कडी-कुलूप आणि संध्याकाळी बोलायला एक माणूस, एवढे आधीच ठरवून ठेवा. गोदामाचा कोपरा असला तरी चालेल.

त्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने 'भाचा' असे लिहिले आणि खाली सही केली. मामा शेजारी उभे होते, कापता हात धोतराच्या सोग्यात लपवून. त्यांना सही येत होती. मीच शिकवली होती. पण पेन त्यांच्याकडे सरकवावे, असे तिथल्या कोणालाच सुचले नाही. मलाही नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)