दोराच्या टोकाला

लढाईसाठी घडवलेले यंत्र, पण लोकांच्या मनात राहिले ते जीव वाचवणारे म्हणून, असे भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येते. ब्रिटनमधील ‘सी किंग’ हेलिकॉप्टरला ते लाभले. मूळ आराखडा अमेरिकेतील सिकोर्स्की कंपनीचा. परवाना घेऊन वेस्टलँड कंपनीने ते इंग्लंडात बांधले. १९६९ साली ते ब्रिटिश नौदलात आले तेव्हा त्याचे काम पाणबुड्या हुडकण्याचे होते. १९७१ मध्ये आपल्या नौदलानेही याच जातीची हेलिकॉप्टरे घेतली, तीही याच कामासाठी. पण समुद्रावर घोंघावत तासन्‌तास एका जागी थांबू शकणारे यंत्र दुसऱ्याही कामाचे असते. १९७८ पासून ब्रिटिश हवाईदलाची पिवळी सी किंग बुडत्याला वाचवण्याच्या कामावर रुजू झाली. नौदलाची तांबडी-करडी हेलिकॉप्टरे तर त्याआधीपासून हे काम करतच होती. २०१५ साल संपता संपता ही सेवा थांबली. ही हेलिकॉप्टरे चालवणारी माणसे आता निवृत्त झाली आहेत आणि आठवणी सांगत आहेत.

मी इतिहास शिकवणारा माणूस. आठवणी वाचताना त्यांत काय आहे याबरोबरच कशाची पुनरावृत्ती होते तेही पाहण्याची मला सवय आहे. या आठवणींत यंत्राचे कौतुक भरपूर आहे. इंधनाचा आणि तेलाचा वास, हाडे खिळखिळी करणारी थरथर, जुने झाले तरी घरी परत आणणारा त्याचा इमानी स्वभाव, या सगळ्याविषयी ही माणसे घरच्या बैलाविषयी बोलावे तशी बोलतात. पण पुन्हा पुन्हा येतो तो दोर. तो समजल्यावाचून या आठवणी समजणार नाहीत.

हेलिकॉप्टरात चौघे असत : दोन वैमानिक, विंच चालवणारा एक आणि दोराला लटकून खाली उतरणारा एक. आपल्याकडे विहिरीत कोणी पडले की एकजण कमरेला दोर बांधून उतरतो आणि काठावरचे धरून ठेवतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे विहिरीचा काठच हवेत तरंगत असतो आणि तळाचे पाणी वीस-वीस हात वरखाली होत असते. त्यात आणखी अडचण अशी, की बुडणारा माणूस हेलिकॉप्टरच्या बरोबर पोटाखाली आला, की तो वैमानिकाला दिसेनासा होतो. मग विंचवाला दारात गुडघे टेकून, मान बाहेर काढून बोलत राहतो : पुढे दहा... पाच... उजवीकडे दोन... स्थिर. वैमानिक त्या आवाजाच्या आधारे यंत्र हलवतो. दाराशी एक लहानसा दांडाही असे. त्याने विंचवाल्याला स्वतःच यंत्र थोडेफार सरकवता येई. पंख्याच्या घर्षणाने यंत्रात वीज साठते. ती समुद्रात किंवा डेकवर उतरून जाईपर्यंत खालच्या माणसाने आकड्याला हात लावायचा नाही, नाहीतर सणसणीत झटका. असा हा चौघांचा संसार. ज्याच्या हाती सुकाणू त्याला दिसत नाही, ज्याला दिसते तो खाली उतरत नाही, आणि जो उतरतो त्याचा जीव या दोघांच्या हाती.

या दोराने केलेल्या कामाची दप्तरी नोंद आहे आणि ती मोठी आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये ‘फास्टनेट’ नावाच्या शिडांच्या होड्यांच्या शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या आणि इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात वादळात सापडल्या. शर्यतीतले १५ खलाशी बुडाले. पण जहाजांनी, लाइफबोटींनी आणि कॉर्नवॉलमधील कल्ड्रोज तळावरून उडालेल्या हेलिकॉप्टरांनी मिळून शंभरावर माणसे जिवंत आणली. डोलकाठी वेड्यासारखी झोके घेत असल्याने दोर होडीवर सोडता येईना. तेव्हा खलाशांना पाण्यात उडी घ्यायला सांगून तिथून उचलावे लागले. पुढे १६ ऑगस्ट २००४ रोजी बॉसकासल गावात अचानक पूर आला. सात हेलिकॉप्टरांनी घरांच्या छपरांवरून आणि झाडांवरून सुमारे शंभर माणसे उचलली. एकही माणूस दगावला नाही.

ही झाली जमेची बाजू, आणि ती दप्तरात लिहिलेली आहे. नावेची बाजू मात्र माणसे मनात लिहून ठेवतात. तिच्यातले सर्वांत जड पान आहे १९ डिसेंबर १९८१ च्या रात्रीचे.

‘युनियन स्टार’ हे नवेकोरे मालवाहू जहाज पहिल्याच सफरीवर होते. डिझेलमध्ये समुद्राचे पाणी शिरून त्याचे इंजिन बंद पडले आणि ते कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्याकडे वाहू लागले. जहाजावर आठजण होते. त्यांत कप्तानाची पत्नी आणि तिच्या दोन कोवळ्या मुली. लाटा ५०-६० फुटांच्या. कल्ड्रोजहून सी किंग आले. वैमानिक होता रसेल स्मिथ, ब्रिटिश नौदलात अदलाबदलीने काम करणारा अमेरिकन अधिकारी. त्याने प्रयत्न करून पाहिले. पण जहाजाची डोलकाठी पंख्याच्या दिशेने फटकारे मारीत होती. दोर काही पोचला नाही.

मग माउझल गावची ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी लाइफबोट निघाली. तिच्यावरचे आठहीजण गावचे स्वयंसेवक. मच्छीमार होते, पबचा मालकही होता. निघताना एका सतरा वर्षांच्या मुलाला तांडेलाने किनाऱ्यावरच ठेवले. त्याचा बाप बोटीत चढलेला होता आणि अशा रात्री एका घरातला एकच न्यायचा, असे तांडेलाचे म्हणणे. लाइफबोट पुन्हा पुन्हा जहाजाला भिडली. एकदा तर लाटेने तिला उचलून जहाजाच्या डेकवरच आपटले. अखेर रेडिओवर निरोप आला, चौघांना घेतले आहे. उरलेल्यांसाठी ती पुन्हा वळली असावी. त्यानंतर रेडिओ मुका झाला. दोन्ही बोटींवरचे सोळाच्या सोळा जण गेले.

स्मिथने नंतर नोंदवून ठेवले, की आपण पाहिलेले सर्वांत मोठे धैर्य त्या लाइफबोटीवरच्या माणसांचे होते. स्वतःच्या वैमानिकी कसबाविषयी तो बोलत नाही. ज्यांच्यापर्यंत दोर पोचला नाही त्यांच्याविषयी, आणि आपल्याजवळ दोर असून जे साधले नाही ते नुसत्या हातांनी करू गेलेल्यांविषयी तो बोलतो. मला वाटते, निवृत्त सैनिकाची साक्ष कशी असावी याचा हा नमुना आहे.

आपल्या माणसांशी जोडलेले एक पानही या नावेच्या बाजूला आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटाने आयर्लंडजवळच्या समुद्रात कोसळले. ३२९ माणसे गेली. बहुतेक भारतीय वंशाची कॅनडावासी. धावून गेलेल्या हेलिकॉप्टरांत ब्रिटिश हवाईदलाची सी किंगही होती. जिवंत कोणी मिळाले नाही. तरी विंचमन दिवसभर दोराला लटकून लाटांत उतरत राहिले आणि मृतदेह वर आणून आयर्लंडच्या कॉर्क शहरी पोचवत राहिले. पुढच्या दिवसांत एकंदर १३१ देह मिळाले. वाचवण्यासाठी शिकलेल्या माणसाने मेलेल्यासाठी जीव का धोक्यात घालावा? ज्याला आपल्या माणसाचे शेवटचे तोंड पाहता आले नाही, त्याला हा प्रश्न पडत नाही. ज्यांचे देह मिळाले त्यांच्या आप्तांना निदान अंत्यसंस्कार तरी करता आला.

२०१५ मध्ये हे काम तटरक्षक यंत्रणेने नेमलेल्या खाजगी कंपनीच्या नव्या हेलिकॉप्टरांकडे गेले. जुन्या सी किंगपैकी काही संग्रहालयात उभी राहिली. २०२२ मध्ये ब्रिटनने तीन सी किंग युक्रेनला देऊ केली. एकाची तर स्कॉटलंडमधल्या शेतावर पाहुण्यांची खोली झाली! दोराच्या टोकाला माणूस मात्र अजूनही उतरतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रातून खलाशी उचलून आणणारी आपल्या नौदलाची आणि तटरक्षक दलाची माणसे त्याच जातकुळीची.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात मरणाच्या गोष्टी का, असे कोणी म्हणेल. माउझल गावी नाताळात सगळे बंदर रंगीत दिव्यांनी उजळते. १९८१ साली ते दिवे लावले होते त्या पबमालकानेच, दुर्घटनेच्या दोन दिवस आधी. तो बुडाल्यावर गावाने दिवे मालवले. तीन दिवसांनी त्याच्या पत्नीने ते पुन्हा लावायला सांगितले. तेव्हापासून दरवर्षी १९ डिसेंबरला रात्री आठ ते नऊ तेथील दिवे मंद होतात आणि तास सरला की बंदर पुन्हा उजळते.