दक्षिण सातारा: सांगली जिल्हा कसा घडला?

‘साताऱ्याचे प्रतिसरकार’ हे नाव वाचून नकाशात सातारा जिल्हा धुंडाळणाऱ्याची निराशा होते. प्रतिसरकारचे महत्त्वाचे केंद्र असलेले कुंडल तेथे सापडत नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र सापडत नाही. ३ सप्टेंबर १९४२ रोजी जेथील कचेरीवर मोर्चा गेला ते तासगावही नाही. ही सारी गावे सांगली जिल्ह्यात आहेत, आणि १९४२ साली सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. त्या जिल्ह्याच्या जन्माविषयीचा हा थ्रेड.

आरंभ १८१९ पासून करावा लागतो. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह करून साताऱ्याचे राज्य आखले. उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री अशी त्याची ठळक चौकट होती. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले. त्यांचे बंधू शहाजी १८४८ मध्ये निवर्तले. दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले आणि ब्रिटिश सातारा जिल्हा उभा राहिला. वाळवा, शिराळा, खानापूर आणि तासगाव हे भाग पुढे शंभर वर्षांच्या आसपास त्याच जिल्ह्यात नांदले. तासगाव हे मूळचे परशुरामभाऊ पटवर्धनांचे ठाणे.

सांगली शहराची कथा मात्र निराळी आहे. चिंतामणराव पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून विभक्त झाले आणि त्यांनी कृष्णाकाठच्या सांगलीस राजधानी केले. हे संस्थान सलग नव्हते. मिरज प्रांत व कुची येथे, मंगळवेढे सोलापूरकडे, शहापूर बेळगावला खेटून, तर तेरदाळ आणि शिरहट्टी दूर कानडी मुलुखात. थोरल्या आणि धाकट्या मिरजेची गावेही अशीच विखुरलेली. धाकट्या पातीची राजधानी बुधगाव सांगलीपासून हाकेच्या अंतरावर होती! पूर्वेस डफळ्यांचे जत.

औंधचे संस्थान तर आणखी विस्कळीत होते. खुद्द औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, किन्हई कोरेगावात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, गुणदाळ कर्नाटकात. नकाशावर ही ठिगळे गैरसोयीची दिसतात. चळवळीस मात्र त्यांचाच आधार झाला. कुंडलच्या चहूबाजूंस ब्रिटिश सातारा जिल्ह्याची गावे होती, परंतु कुंडल स्वतः औंधच्या हद्दीत. ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत मोकळेपणी वावरता येत नसे. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच प्रजेस स्वराज्याची घटना दिली होती; तेथील राजवट चळवळीविषयी सहानुभूती बाळगून होती. १९४३ ते १९४६ या काळात न्यायदान मंडळे आणि तुफान सेना चालवणाऱ्या भूमिगतांना ही हद्द ढालीसारखी उपयोगी पडली. प्रतिसरकारच्या यशाची चर्चा करताना शौर्याचा उल्लेख होतो, तो व्हावाच. पण या तुटक सीमांचा उल्लेख क्वचितच होतो, ही उणीव आहे.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था टिकणे शक्य नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. फलटण आणि औंधसह मूळचा जिल्हा एकत्र ठेवता, तर तो अवाढव्य झाला असता. १ ऑगस्ट १९४९ रोजी त्याचे दोन भाग झाले: उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. मिरज, तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा आणि जत हे दक्षिणेच्या वाट्यास आले.

येथे एक विसंगती आहे. दक्षिण साताऱ्याचे मुख्य ठाणे ठरले सांगली, म्हणजे जे शहर ब्रिटिश सातारा जिल्ह्यात कधीच नव्हते! फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये फ्रान्सचे ८३ विभाग आखले गेले, तेव्हा जुन्या प्रांतांच्या निष्ठा पुसण्यासाठी बहुतेकांना नद्यांची व पर्वतांची नावे देण्यात आली. त्या न्यायाने हा ‘कृष्णा-वारणा जिल्हा’ ठरला असता. प्रत्यक्षात आधी केवळ दिशा दाखवणारे नाव मिळाले आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६० मध्येच, ‘सांगली’ हे नाव आले. उत्तर सातारा पुन्हा नुसता ‘सातारा’ झाला.

वारणा ही १८१९ ची सीमा आजही सांगली आणि कोल्हापूर यांच्यामध्ये मोठ्या अंतरापर्यंत टिकून आहे. सातारा आणि सांगली यांच्यातील सीमा मात्र जुन्या तालुक्यांच्या कडेने गेलेली कागदी रेघ आहे. कऱ्हाडकडून वाळव्यात येणाऱ्यास ना भाषा बदललेली आढळते, ना माती, ना सोयरीक.

चरित्रे वाचतानाही म्हणूनच सावध राहावे लागते. यशवंतराव चव्हाण १९१३ मध्ये देवराष्ट्रे येथे जन्मले. गाव तेव्हा साताऱ्यात, आज सांगलीच्या कडेगाव तालुक्यात. अण्णा भाऊ साठ्यांचे वाटेगाव वाळवा तालुक्यातले. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. ते २९ वर्षांचे झाले त्याच दिवशी त्यांच्या गावाचा जिल्हा बदलला. १८८५ चे सातारा गॅझेटिअर उघडल्यास वाळवा, तासगाव आणि खानापूर त्यातच भेटतात. सांगलीच्या खेड्याचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास शोधणाऱ्याने आधी ते गाव खालशातले की संस्थानी, हे ठरवलेले बरे. संस्थानी असेल तर कोणत्या संस्थानचे, हा पुढचा प्रश्न.

तालुक्यांची विभागणी नंतरही चालूच राहिली. १९६५ मध्ये आटपाडी आणि कवठे महांकाळ, पुढे पलूस आणि कडेगाव. आज दहा तालुके आहेत. पश्चिमेस शिराळ्याचा धुवाधार पाऊस आणि चांदोलीचे जंगल, मध्ये वाळव्याची उसाची काळी जमीन, पूर्वेस आटपाडी आणि जत येथील दुष्काळ, असा हा एकच जिल्हा.

जतची स्थिती यांत सर्वांत वेगळी. पूर्व भागात कन्नड सर्रास बोलली जाते आणि शेजारी विजयपूर जिल्हा आहे. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील सुमारे ४० गावांवर दावा सांगितला, तेव्हा पाण्यासाठी हताश होऊन काही गावांनी पूर्वी केलेल्या ठरावांचा हवाला दिला गेला. वाद भाषेचा म्हणून गाजला. गावकऱ्यांची मागणी मात्र म्हैसाळ योजनेने उचललेले कृष्णेचे पाणी आपल्या शिवारापर्यंत पोहोचावे, ही होती.