हिरव्या सळईची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण जहाजांच्या तळाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यांपर्यंत आलो होतो. आज दीडशे वर्षं पुढे उडी मारू आणि समुद्रावरून पुलावर येऊ.

खाडीवरच्या एखाद्या पुलाचं काम चालू असताना तुम्ही तिथून गेला असाल, तर हिरव्या रंगाच्या सळया पाहिल्या असतील. तो रंग नव्हे. म्हणजे खिडकीच्या ग्रिलला आपण रेड ऑक्साईडचा हात मारतो, तसला तो नाही. सळई आधी छर्‍यांचा मारा करून लखलखीत साफ करतात, २०० अंशांच्या वर तापवतात आणि तिच्यावर एपॉक्सीची विद्युतभारित पावडर उडवतात. पावडर तिथल्या तिथे वितळते, काही सेकंदांत घट्ट होते. जाडी किती, तर मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, थोडी कमीजास्त. या एवढ्याशा थरावर पुलाचं आयुष्य सोपवायचं, ही कल्पना कुठून आली?

ती आली बर्फातून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या थंड राज्यांमध्ये हिवाळ्यात रस्ते मोकळे राहावेत म्हणून मीठ टाकायची पद्धत वाढली. बर्फ वितळायचं, खारं पाणी पुलाच्या स्लॅबमध्ये मुरायचं. एरवी काँक्रीटमधली सळई सहजासहजी गंजत नाही. सिमेंट अल्कधर्मी असतं, त्यामुळे पोलादावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर धरून राहतो. मिठातला क्लोराईड तो थर फोडतो. मग गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. काँक्रीट आतून फुटतं, खपल्या पडतात. बांधून थोडीच वर्षं झालेल्या पुलांचे स्लॅब असे खराब व्हायला लागले, तेव्हा तिथलं महामार्ग खातं हादरलं.

त्यांनी तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेला काम दिलं. संस्थेने ४७ लेप तपासले. त्यात ३६ एपॉक्सी, बाकी पीव्हीसी, पॉलियुरेथेन वगैरे. (एपॉक्सीच्या जनकांपैकी एक, स्वित्झर्लंडचा पिएर कास्तान, हा कवळ्यांसाठी साहित्य शोधत होता. कवळीपासून पुलापर्यंत, असा हा प्रवास!) सळई वाकवून लेप तडकतो का, काँक्रीट तिला धरतं का, खाऱ्या द्रावणात काय होतं, हे सगळं पाहिलं. पीव्हीसी लवचीक होतं, पण काँक्रीटशी पकड कमी. पावडरीचे मोजके एपॉक्सी पुढे आले. तेल-वायूच्या पाइपांवर ही पावडर आधीच वापरात होती. १९७३ साली पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाजवळच्या एका पुलाच्या स्लॅबमध्ये या सळया पहिल्यांदा पडल्या. काही वर्षांतच राज्यामागून राज्यांनी त्या घेतल्या.

आता फ्लोरिडाकडे चला. तिथे बर्फ नाही, पण समुद्र आहे. फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेवर १९८०च्या आगेमागे नवे पूल झाले, त्यांच्या खांबांत हीच सळई घातली. आणि १९८६मध्ये, म्हणजे बांधून अवघ्या ५-६ वर्षांत, लाँग की पुलाच्या खांबांवर गंजाचे डाग आणि भेगा दिसल्या. काँक्रीट फोडून पाहिलं, तर काही ठिकाणी लेप नखाने सोलावा तसा सुटत होता, खाली काळं पडलेलं पोलाद.

झालं काय होतं? आमच्या मते प्रयोगशाळा खोटी नव्हती, प्रश्नच दुसऱ्या जागेचा होता. तपासणी डोळ्यासमोर ठेवली होती रस्त्याच्या स्लॅबसाठी. तिथे मीठ हिवाळ्यात येतं, मधे स्लॅब सुकतो. खांबाच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ऊन, पाणी आणि मीठ बारा महिने. त्यात सळया वाकवताना, बांधताना लेपाला बारीक जखमा झालेल्या. ओल आत शिरली की एपॉक्सीची पोलादावरची पकड ढिली पडते आणि गंज लेपाखालून पसरतो, वरून कळतही नाही. फ्लोरिडाने पुढे ही सळई सोडली. उत्तरेकडच्या स्लॅबमध्ये मात्र तिने बऱ्याच ठिकाणी चांगलं काम दिलं, हेही सांगितलं पाहिजे. तिला सरसकट नापास करणारे आमचे काही मित्र हे विसरतात.

योगायोग बघा. त्याच १९८६ साली, ५ जुलैला, पणजीचा मांडवी पूल कोसळला. तो वीस वर्षांचाही नव्हता. तिथे हिरवी सळई नव्हती. तो ताणलेल्या पोलादी केबलींवर उभा असलेला पूल होता, आणि त्या केबली गंजल्या होत्या. पणजी-बेती फेरीबोटीवर तेव्हा काय गर्दी उसळली, ते गोव्यातल्या जुन्या मंडळींना विचारा. किनाऱ्यावरच्या पोलादाची धास्ती आपल्याकडे खऱ्या अर्थाने बसली, ती तेव्हापासून. १९९३मध्ये एपॉक्सी लेपाच्या सळयांसाठी भारतीय मानक आलं, आयएस १३६२०. म्हणजे फ्लोरिडाचा निकाल लागल्यावर. मानकात लेपाची जाडी, वाकवण्याची चाचणी, खरचटलेल्या जागा दुरुस्त करणं, सगळं आहे. कराईकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने सिमेंटवर आधारलेले लेपही काढले. ते पॉलिमरइतके नाजूक नाहीत, साइटवर लावता येतात.

कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, ‘मग आपल्याकडे ही सळई वापरावी की नाही?’ आम्ही आधी काँक्रीट बघू. ते घट्ट आहे का, सळईवर पुरेसं कव्हर आहे का. ते नसेल, तर लेप काही वर्षं उसनी मिळवून देईल, इतकंच. आणि लेपाची सळई घ्यायचीच, तर फिटरला आधी हाताशी धरावं लागेल. एका खाडीपुलाच्या कामावर आम्ही गेलो होतो. हिरव्या सळया ट्रकमधून धाडधाड खाली टाकत होते, उघड्या लोखंडी बारवर वाकवत होते, आणि साध्या तारेने बांधत होते. लेपाच्या दुरुस्तीचा डबा कुठे आहे, विचारलं. स्टोअरमधून आणून दाखवला. त्याचं सील शाबूत होतं.