बेलुमची गुहा आणि तिचा ‘शोध’

मराठवाड्यातील माणसाच्या मनात गुहा म्हटली की प्रथम लेणे उभे राहते. वेरूळ, अजिंठा, धाराशिव, लातूरकडील खरोसा, नांदेडकडील माहूर. कोठेही जा, छिन्नीची खूण दिसावयाचीच. जी कोणीच खोदली नाही अशी गुहा आपल्या परिचयाची नाही, आणि त्याचे कारण आपल्या पायाखालीच आहे. आपला बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा. बिलोली, देगलूर व धर्माबाद यांच्या बाजूस हा थर संपत येऊन ग्रॅनाइट वर येतो. परंतु या दोहोंपैकी एकही दगड पाण्यात विरघळून पोकळ होणारा नव्हे. त्यास चुनखडक पाहिजे. तो पाहावयाचा तर धर्माबादकराने सिकंदराबादची गाडी धरावी आणि पुढे कृष्णा व तुंगभद्रा ओलांडून आंध्रातील बेलुम गाठावे.

बेलुम हे कोलिमिगुंडला गावाजवळ, पूर्वीच्या कर्नूल व २०२२ पासून नंद्याळ जिल्ह्यात आहे. वर पाहावे तर सपाट शेतजमीन, आणि तीत विहिरीसारखी तीन विवरे. मधल्या विवरातून उतरावयाचे. सुमारे २० मीटर खाली गेल्यावर वाट आडवी होते. ज्या दगडात ही वाट पडली आहे त्याची ओळख आपल्या गृहिणींस चांगली आहे. स्वयंपाकघरातील ओट्यावरचा काळा कडप्पा म्हणजे याच प्रदेशातील चुनखडक. त्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली तर सकाळी फिकट डाग दिसतो, व तो कितीही घासला तरी जात नाही. कारण तो डाग नसून आंबटाने खाल्लेला दगड आहे. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून कर्बाम्ल वायू घेऊन किंचित आंबट होते, आणि लिंबाने ओट्यावर एका रात्रीत जे केले तेच ते खडकाच्या भेगांतून युगानुयुगे करीत राहते. पुढे तेच पाणी पोकळीच्या छतास येऊन थेंबाथेंबाने गळू लागले म्हणजे वायू निघून जातो व विरघळलेला चुना मागे राहतो. छतावरून लोंबणारे आणि भूमीवरून वर उठणारे लवणस्तंभ असे घडतात. त्यांची वाढ वर्षाकाठी बहुधा मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकीच असते. बोटाएवढा स्तंभ मोडण्यास मात्र एक पोरही पुरे.

येथील तेलुगू नावे धर्माबादकरांस समजावून सांगावी लागत नाहीत. सिंहाच्या मुखासारखी नैसर्गिक कमान ती सिंहद्वारम्. असंख्य लिंगांसारखे स्तंभ जेथे दाटले आहेत ते कोटिलिंगालु. एका दालनातील दगड लाकडाने ठोकले असता धातूसारखे वाजतात, म्हणून ती सप्तस्वरांची गुहा. असल्या नावांस हसणारे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत. परंतु नाव ठेवले म्हणजे वस्तू ध्यानात राहते, हेही विसरू नये.

ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ साली या गुहेची नोंद केली, आणि तोच तिचा ‘शोध’ असे सांगण्यात येते. फूट यांची योग्यता मोठी होती. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम् येथे त्यांना सापडलेल्या दगडी हत्याराने भारतीय प्रागैतिहासाच्या अभ्यासास आरंभ झाला. परंतु बेलुम हे गावाचे नावच ‘बिल’ या शब्दापासून आले, असे मानतात. बिल म्हणजे आपले बीळ. गावाने ज्या बिळावरून आपले नाव घेतले त्याचा शोध बाहेरच्याने लावावा, हा प्रकार अजिंठ्याच्या वाचकांस नवा वाटणार नाही. जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्यास १८१९ साली लेणी दिसली. पण त्या दरीच्या माथ्यावरील गावाचे नाव लेणापूर! विशाखापट्टणमकडील बोर्रा गुहांचा शोध भूगर्भ खात्याच्या विल्यम किंग यांनी १८०७ साली लावला, असेही प्रवाशांस सांगतात. ते खाते स्थापन झाले १८५१ साली.

तथापि ग्रामस्थांस गुहा ठाऊक होती एवढ्यावर वाद संपत नाही. फूट यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे बेलुमकडे कोणी शास्त्रज्ञ फिरकला नाही, आणि त्या काळात गावाने तिचा उपयोग केला तो केरकचरा टाकण्यासाठी. जाणणाऱ्यांनी जपले नाही आणि लिहिणाऱ्यांनी लिहून सोडून दिले. आमच्या मते यात दोघांचाही वाटा सारखाच आहे. १९८२-८३ साली डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन मंडळीने गुहा मोजली आणि तिची लांबी सव्वातीन किलोमीटरच्या घरात भरली. १९८८ साली राज्य सरकारने हे क्षेत्र संरक्षित ठरविले, १९९९ साली ते पर्यटन महामंडळाच्या हाती गेले, आणि वाटा, दिवे व हवेचे मार्ग करून २००२ च्या फेब्रुवारीत गुहा लोकांस खुली झाली. प्रवाशांस यापैकी सुमारे दीड किलोमीटरच हिंडता येते. बौद्ध व जैन साधू येथे राहत असत असे मानतात. तेव्हा गुहेचा जुना इतिहासही कचऱ्याखालीच पडून होता म्हणावयाचा.

सर्वांत खोल जागा पाताळगंगा, पृष्ठभागापासून ४६ मीटर. तेथे बारमाही पाण्याचा लहानसा ओघ दिसतो आणि लगेच खडकात नाहीसा होतो. तो दोन किलोमीटरांवरील बेलुम गावच्या विहिरीस जाऊन मिळतो, असे गावकरी मानतात.