रुमालाखालचा भाव आणि गुगलचा लिलाव

१/ लातूरच्या बाजार समितीत तुरीचा सौदा निघतो, तेव्हा प्रश्न एकच असतो: अधिक भाव कोण देतो? नांदेडच्या विद्यार्थ्याने मोबाइलवर ‘नीट क्लासेस लातूर’ असे शोधले, की त्या शब्दांवरही क्षणार्धात लिलाव होतो. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे हे शब्द मोलाचे. मात्र येथे सर्वांत मोठी बोली लावणारा हरू शकतो.

२/ आरंभी असे नव्हते. १९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने शोधशब्द लिलावात काढले. मोठी बोली, वरची जागा. अगदी मोंढ्याचा न्याय.

३/ पण एक मूलभूत भेद होता. तुरीचा पैसा सौद्यानेच ठरतो. जाहिरातदार मात्र कोणी क्लिक केले तरच पैसे देतो. विसंगत जाहिरात वर बसली आणि तिला कोणी शिवलेच नाही, तर मोठी बोली पोकळच. म्हणून फेब्रुवारी २००२ मध्ये गुगलने ॲडवर्ड्समध्ये नवा हिशेब आणला: बोली गुणिले क्लिकचे प्रमाण.

४/ एक कल्पित उदाहरण. लातूरच्या शिकवणी वर्गाची बोली २५ रुपये. जाहिरात १०० वेळा दिसली की ६ क्लिक. गुण १५०. परगावच्या, सगळेच विषय शिकवणाऱ्या संस्थेची बोली ४० रुपये, पण क्लिक २. गुण ८०. वरची जागा लातूरला. शिवाय त्याला पूर्ण २५ रुपयेही द्यावे लागत नाहीत! प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवण्यापुरते, म्हणजे ८० भागिले ६, सुमारे १३ रुपये ३४ पैसे. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून किंमत ठरवण्याचा सिद्धान्त विल्यम विकरी यांनी १९६१ मध्येच मांडला होता. गुगलची पद्धत त्याच कुळातली, तंतोतंत तीच नव्हे.

५/ २००५ मध्ये ‘क्वालिटी स्कोअर’ आला आणि जाहिरातीच्या मजकुराची सुसंगतीही गुणांत धरली जाऊ लागली. याहूने २००७ मध्ये तीच वाट धरली.

६/ लहान वर्गाला ही रीत न्याय्य वाटावी. तरीही एक जुनी शंका उरते. पूर्वी भुसार बाजारांत दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत; ज्याचा माल, त्यालाच आकडा कळत नसे. ही चाल मोडण्यासाठी नियंत्रित बाजारांत उघड लिलाव आला. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३चा. शोधलिलावात मात्र गुण देणारा आणि लिलाव पुकारणारा एकच, आणि पूर्ण गणित त्याच्याच रुमालाखाली. वाढलेला दर वर्गचालक भरतो, पण तो शुल्कात उतरला तर भार पडतो सोयाबीन विकून पैसे जमवणाऱ्या पालकावर.

७/ ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलला मक्तेदार ठरवले. स्पर्धेची धास्ती न बाळगता, लिलावाच्या रचनेत फेरफार करून कंपनी शोधजाहिरातींचे दर वाढवू शकली, हेही त्या निकालात नोंदलेले आहे.